आक्काचा हिरवा च्या

माझ्या थोरल्या बहिणीचं, लक्ष्मीचं, कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. लहानपणी दुखायचं, नोकरी लागल्यावर दुखायचं, आणि आज सत्तावन्नाव्या वर्षी, शाळेतून निवृत्त व्हायला वर्ष उरलं असतानाही दुखतंच. लोक असलं काही लपवतात. मीही लपवलं असतं, पण आक्काबद्दल खरं लिहायचं तर आधी हे लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

आमचे वडील केरूअण्णा सांगलीच्या पेठेत हळदीची पोती उचलायचे. आम्ही दोघीच बहिणी. छप्पन साली घरानं धम्म स्वीकारला तेव्हा आक्का लग्न होऊन म्हसवडला नांदायला गेली होती आणि मी सातवीत होते. शाळा माझ्या वाट्याला आली, घरकाम तिच्या. आता कुणी म्हणेल, मग जळायचं कुणी, तिनं की तू? पण तसं झालं नाही. अण्णा संध्याकाळी पेठेतून आले की दारातूनच हाक मारायचे, "लक्ष्मे, च्या टाक." ती सासरी गेल्यावर चहा मी टाकायला लागले. अण्णा प्यायचे, कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बरा झालाय. पर लक्ष्मीच्या हातचा च्या न्यारा." मी मास्तरीण झाले, पहिला पगार त्यांच्या हातावर ठेवला, तरी हेच. शेवटच्या आजारात चार महिने त्यांचं सगळं मी केलं. आक्का शेवटचे दोन दिवस आली, आणि अण्णा तिच्या हातचा चहा पिऊन गेले. त्याला पंचवीस वर्षं झाली. तो कप मला अजून दिसतो.

आक्कानं म्हसवडला रोजगार हमीवर खडी फोडली. नवरा वारल्यावर अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. तिला अक्षर येत नाही, कागदावर अंगठा लावते. पण पोरांची तोंडं तिला वाचता येतात. सकाळी अंगणवाडीच्या दारात उभी राहते, आत येणाऱ्या एकेका पोराकडं बघते आणि ताईंना सांगते, "ह्यो उपाशी आलाय. हिला रातच्याला ताप हुता. ह्याच्या घरात काय तरी भांडाण झालंय." चुकत नाही म्हणे. अंगणवाडीच्या ताई मला हे कौतुकानं सांगत होत्या आणि मी, तीस वर्षं पोरं शिकवलेली बाई, मनातल्या मनात म्हणत होते, यात काय एवढं मोठं?

मधुमेह दोघींनाही अण्णांकडून आला. मला शहाऐंशी साली, तिला पुढच्या दोन वर्षांत. निदान यात तरी बरोबरी झाली असं मला तेव्हा वाटलं होतं.

शहाण्णवच्या जानेवारीत आक्का माझ्याकडं सांगलीत विश्रामबागला आली. तिच्या पायांवर थोडी सूज होती, म्हणून तिला माझ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी दोघींनाही चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. साखर जुनी झाली की मूत्रपिंडाची चाळणी सैल होते आणि अंगाला हवं ते प्रथिन लघवीतून वाहून जातं, असं त्यांनी समजावलं. किती जातंय ते पुऱ्या दिवसाची लघवी मोजल्याशिवाय कळत नाही. लॅबवाल्यानं दोन पांढरे कॅन दिले. सकाळची पहिली लघवी टाकायची, त्यानंतर दिवसाची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, एकही थेंब बाहेर न जाऊ देता त्यात धरायची. माझ्या मोरीत दोन कॅन शेजारी शेजारी बसले. आक्का हसून हसून बेजार.

"सुले, आपुन दोघी भनी आजवर कवा एका कामाला बसलो न्हाई. बसलो त्ये बी ह्या कामाला!"

रिपोर्ट आले. आक्काचं प्रथिन दिवसाला तेराशे मिलिग्रॅम, माझं चौदाशे. दुखण्यातही ती माझ्यापेक्षा शंभरानं बरी! डॉक्टरांनी दोघींना एकच गोळी दिली. रक्तदाब आणि मूत्रपिंड, दोन्हीला लागू. "ही कायमची," ते म्हणाले. "कितीही बरं वाटलं तरी सोडायची नाही."

आक्काचा मुलगा राजरत्न फौजेत. त्या वेळी तो हिमाचलात पालमपूरला होता. माझा मुलगा कपिल पुण्यात, सात तासांवर, आणि वर्षातून दोनदा येणारा. राजरत्न दोन हजार किलोमीटरवर, आणि दर पंधरा दिवसांनी त्याचं पत्र. तेही मला खुपायचं. मार्चमध्ये तो सुट्टीवर आला तो पत्र्याच्या ट्रंकेतून हिरव्या चहाची चार पाकिटं घेऊन. तिकडं चहाचे मळे आहेत. सोबत एका हिंदी पेपरचं कात्रण. जपानातल्या शास्त्रज्ञांनी मूत्रपिंडं बिघडलेल्या उंदरांना हिरव्या चहातलं तुरट द्रव्य पाजलं आणि त्यांची मूत्रपिंडं थोडी सावरली, असं काहीतरी त्यात होतं. राजरत्ननं आईला ते वाचून दाखवलं. त्यातलं उंदीर आक्का विसरली, मूत्रपिंडं तेवढी लक्षात ठेवली.

पहिल्या दिवशी तिनं तो पाला आपल्या रिवाजाप्रमाणं आलं घालून खळखळ उकळला, दूध ओतलं, गूळ टाकायला हात पुढं केला आणि राजरत्ननं तो धरला. मग रीत शिकली. पाणी उतरवायचं, पाला टाकायचा, झाकायचं, गाळायचं. दूध नाही, गूळ नाही. दिवसाला सहा पेले. मलाही एक पाकीट येणाऱ्याच्या हाती पाठवलं. मी उघडून वास घेतला. वाळल्या गवताचा. जनावराचा चारा म्हणून फळीवर टाकून दिलं.

जुलैत परत तपासायचं होतं. आक्कानं या वेळी म्हसवडलाच कॅन भरला आणि एसटीतून मांडीवर घेऊन आली. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काकवी का?" ही म्हणाली, "व्हय, पर तुला न्हाई देनार." घरात पाय टाकल्या टाकल्या तिनं हे मला सांगितलं आणि मी हसू दाबलं, कारण हसले असते तर तिचं मनापासून ऐकलं असं झालं असतं.

रिपोर्ट आला. आक्काचं प्रथिन साडेपाचशे. माझं पंधराशे.

डॉक्टर खुर्चीतून पुढं वाकले. "आजी, काय केलंत हो?"

"हिरवा च्या पिती, सायेब. पोरानं धाडलाय."

डॉक्टरांनी कंपाउंडरला बोलावून तो कागद दाखवला. त्या चहातल्या द्रव्यांवर तिकडं काम चाललंय, आपणही वाचलंय, असं म्हणाले. मग म्हणाले, "पण अजून सगळं उंदरांवरच आहे. प्या खुशाल, गोळी मात्र चालू ठेवा." यातलं पहिलं आक्कानं ऐकलं. शेवटचं तिच्या कानावरून गेलं. ती माझ्याकडं बघत होती. काय बघत होती ते मला माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मी पथ्य पाळणारी, वेळेवर गोळी घेणारी, डॉक्टर घरापासून दहा पावलांवर. आणि ही, अंगठेबहाद्दर बाई, झाडपाला पिऊन निम्म्याच्या खाली! फळीवरचं पाकीट मी खाली काढलं आणि चोरून प्यायला लागले. तोंड कडूजार व्हायचं. स्वतःच्याच घरात, एकटी असताना, दार लावून प्यायचे, म्हणजे बघा. सप्टेंबरात गुपचूप तपासून घेतलं. माझा आकडा जागचा हलला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी म्हसवडला गेले. बहिणीच्या ओढीनं गेले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी गेले ते हिचं काय वेगळं चाललंय ते बघायला. पाणी वेगळं आहे का, भांडं वेगळं आहे का, की हिनं मला कमी प्रतीचा पाला पाठवला? हो, हेही मनात आलं होतं.

तिथं बघते तर आक्काचा दरबार भरलेला. आळीतल्या साखरवाल्या बायका पेले घेऊन ओट्यावर बसलेल्या आणि ही वाटतेय. गोळी विचारली तर म्हणाली, "सोडली की. त्या गोळीनं लय खोकला यायाचा. आता काय करायची? च्या हाय." साडेपाचशेवाल्या बाईला पंधराशेवालीनं काय सांगायचं?

दिवस मावळला आणि दारात तीन बायका आल्या. आक्कानं तांब्या उचलला. आळीत कुणाच्याच घरात संडास नव्हता. बायका पहाटे आणि तिन्हीसांजेला मिळून ओढ्याकडं जायच्या. दिवसा होईल तेवढी कळ काढायची, एवढीच सवय साऱ्यांची. मीही बरोबर गेले. परत येताना बायका पुढं होत्या, आम्ही मागं. आणि चालता चालता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आक्का, कॅनच्या दिवशी पण इकडं आलीस?"

"मग? रोज येती, त्या दिशी न येऊन कसं हुईल?"

"आणि इथली लघवी?"

ती थांबून माझ्याकडं बघायला लागली. "येडी का काय तू? चारचौघीत कॅन घिऊन जाऊ व्हय हिकडं? घरात दुपारच्याला आन् रातीला झाली त्येवढी धरली की. कमी व्हती व्हय?"

कमी होती! निम्म्याहून जास्त लघवी ओढ्याकाठी बाभळींना मिळाली होती आणि उरलेली सांगलीला येऊन मोजली गेली होती. प्रथिन कमी झालं नव्हतं. लघवीच कमी आली होती. घरी येऊन मी पर्समधून तिचे रिपोर्ट काढले. ते मी माझ्याकडं कशाला ठेवले होते ते विचारू नका. जानेवारीच्या कागदावर लघवी एकोणीसशे मिलिलिटर. जुलैच्या कागदावर साडेसातशे. दिवसाला सहा पेले चहा पिणारी बाई आणि साडेसातशे! वर छापलेलं होतं. डॉक्टरांनी खालचा आकडा बघितला, आणि मीही, पोरांना आयुष्यभर गणित शिकवलेली, खालचाच आकडा बघत तीन महिने जळत राहिले.

मी आक्काला समोर बसवलं आणि सांगितलं. नीट सांगितलं, फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं. कॅन अर्धाच होता, म्हणून आकडा अर्धा. चहानं काही झालेलं नाही. तुझी मूत्रपिंडं जानेवारीला होती तिथंच आहेत, कदाचित आणखी बिघडलीत. गोळी आजपासून चालू कर.

आक्का बल्बच्या उजेडात माझ्या तोंडाकडं बघत राहिली, अंगणवाडीच्या दारात उभी राहून बघते तशी.

"सुले," ती शेवटी म्हणाली, "तू हसतियास."

"मी कुठं हसतेय?"

"आतनं हसतियास. डोळं बघ तुझं. माझं बरं झालं त्ये तुला बघवंना. आन्नाच्या टायमापासनं बघती मी. मला वाटलं, म्हातारपणी तरी थांबशील."

ती चुकत नव्हती. मी सांगत होते त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, आणि तो सांगताना मला आनंद होत होता. ओढ्यावरून घरी येईपर्यंत मी जवळजवळ पळत आले होते. बहिणीचं मूत्रपिंड बिघडतंय हे मला कळलं आणि माझ्या जिवाला बरं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी निघताना मी परत म्हटलं, "आक्का, गोळी घे गं." ती भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

सांगलीला आल्यावर मी दुकानातून त्या गोळीची पट्टी घेतली आणि पर्समध्ये ठेवली. कधीतरी देऊ म्हणून. महिना गेला. माझं पोट दुखायचं थांबलं होतं, पण त्या जागी दुसरंच काहीतरी बसलं होतं.

डिसेंबरात शाळेत फोन आला. अंगणवाडीच्या ताई बोलत होत्या. आक्काच्या पायांत चप्पल जाईना झाली होती, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायची, अंगणवाडीपर्यंत चालताना दोनदा बसावं लागायचं. डॉक्टरकडं चला म्हटलं तर, च्या पितीय, उतरंल, असं म्हणत होती.

"तुम्हाला कळवायचं नाही म्हणाल्या," ताई अडखळल्या. "पण मला राहवलं नाही."

"का कळवायचं नाही?"

"म्हणाल्या, सुलीला सांगू नगा. तिला बरं वाटंल."

फोन हेडमास्तरांच्या टेबलावर होता. ते समोर बसले होते. मी पदर तोंडाला लावला आणि बाहेर आले.

त्या दुपारी मी वर्गावर गेले नाही. जिन्यात बसून राहिले. मी जाऊन काहीही सांगितलं तरी आक्का ऐकणार नव्हती. डॉक्टर म्हटलं की तिला माझे डोळे दिसणार. रिपोर्ट म्हटलं की माझे डोळे दिसणार. तिनं ऐकावं असं माझ्याकडं एकच होतं, आणि ते मी जन्मात केलं नव्हतं. मी आक्काकडं कधी काही मागितलं नव्हतं.

शनिवारी म्हसवडला गेले. आक्का भिंतीला टेकून बसली होती, पाय पोत्यावर पसरलेले. पायांकडं मी बघितलं नाही. तिच्या समोर खाली बसले.

"आक्का, मी चोरून हिरवा चहा प्यायले. दोन महिने. मला गुण आला नाही."

तिच्या भुवया वर गेल्या.

"मला जमत नाही तो करायला. तुझ्याच हातचा पाहिजे. आठ दिवस माझ्याकडं चल आणि मला करून पाज. मग दोघींची लघवी परत मोजू. तुझ्या हातच्या च्यानं मला किती फरक पडला ते बघू."

हा डाव होता, ते मी कबूल करते. पण बोलता बोलता माझा आवाज फुटला, आणि तो डावात नव्हता. आक्का माझं तोंड बघत होती. मग भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "थांब, लुगडं बदलती."

आठ दिवस तिनं मला चहा पाजला. सकाळी माझ्याआधी उठायची, सुजल्या पायांनी स्टोव्हपाशी उभी राहायची. पाणी उकळून खाली उतरवायची, जरा थांबायची, मग पाला टाकून ताटलीनं झाकायची. ते थांबणं मी कधी केलं नव्हतं, उकळत्या पाण्यातच टाकायचे. पहिला घोट घेतला आणि कप हातातच राहिला. कडू नव्हता. न्यारा होता. अण्णा माझं मन दुखवायला तसं म्हणत नव्हते, त्यांना खरंच तसं लागत होतं. हे कळायला मला त्रेपन्न वर्षं लागली. कळलं तेव्हाही आधी राग आला, खोटं कशाला सांगू? मग मी दुसरा कप मागितला.

शेवटच्या दिवशी मोरीत परत दोन कॅन बसले. या वेळी ओढा नव्हता, बायका नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा कॅन पाऊण भरलेला होता. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"येवढी?" ती म्हणाली.

मी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

संध्याकाळी दोघी लॅबवर गेलो. लॅबवाल्यानं दोन पाकिटं दिली. बाहेर बाकावर आक्का बसली, पाय पुढं ताणून. मी उभ्यानंच कागद काढले. माझं प्रथिन पंधराशे, होतं तेवढंच. आक्काचं सव्वीसशे. त्या बाकाशेजारी उभी असताना, जन्मात पहिल्यांदा, मी लक्ष्मीच्या पुढं होते. अकराशेनं पुढं. आक्काचं पोट दुखावं एवढा फरक होता, आणि मी दोन्ही कागद परत पाकिटांत घालायला लागले.

"वाच की," आक्का म्हणाली. "तुझं किती, माझं किती?"

मला वाचता येईना. मी चष्मा काढला, पर्समधल्या रुमालानं पुसला, परत लावला. पर्स उघडीच राहिली, गोळीची पट्टी वर दिसत होती. आक्का कागदाकडं बघतच नव्हती. तिला त्याचा काय उपयोग? ती माझ्याकडं बघत होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हसत न्हाईस तू. म्हंजी दिवाळीला बोललीस त्ये खरं हाय."

मी तिच्या शेजारी बसले. रस्त्यावरून कॉलेजची पोरं सायकलींच्या घंट्या वाजवत चालली होती. आक्कानं पाय जवळ ओढून घेतले, पदरानं माझं तोंड पुसलं आणि मग तोच हात माझ्या पर्सपाशी पुढं केला.

"दे ती गोळी. खोकला आला तर यिऊ दे."